थार पोराची, आरसी बापाची: दमदार गाडीचा विमा काढताना काय बघायचं?

पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा जवळ आला की व्हॉट्सॲप स्टेटसला नव्या गाड्यांचे फोटो सुरू होतात. कुणाचं ऊसबिल आलेलं असतं, कुणाला रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळालेला असतो, कुणी सरळ बँकेचं कर्ज काढलेलं असतं. पण घरातली पहिली चारचाकी घेतानाही आता छोट्या गाडीवर कुणी थांबत नाही. थार, स्कॉर्पिओ एन, एक्सयूव्ही 700, नाहीतर पुण्याहून आणलेली जुनी फॉर्च्युनर. स्टेअरिंगवर असतो एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, पक्कं लायसन्स हातात येऊन जेमतेम दोन-तीन महिने झालेले.

विमा शोरूमवाला काढून देतो. कागद डॅशबोर्डच्या खणात जातो आणि तिथेच राहतो.

इंग्लंडमध्ये अठरा वर्षांच्या मुलाने ताकदीची गाडी घ्यायची म्हटली तर विम्याचा हप्ता ऐकूनच तो मागे फिरतो. तिथे चालवणाऱ्याचं वय आणि अनुभव हप्त्यात धरतात. आपल्याकडे हप्ता मुख्यतः गाडीवर ठरतो. चालवणारा वीसचा आहे की पन्नासचा, हे पॉलिसी काढताना सहसा कुणी विचारत नाही. म्हणून लोकांना वाटतं काम सोपं आहे. पण हे सगळे प्रश्न अपघात झाल्यावर विचारले जातात. चालवत कोण होतं? लायसन्स कोणतं? गाडी कुणाच्या नावावर? टायर कंपनीचेच आहेत का? तेव्हा उत्तर बदलता येत नाही. म्हणून हे प्रश्न आधीच समजून घेऊ.

हप्ता कशावर ठरतो?

विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी. आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, कुणी जखमी झालं, कुणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई यातून मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे हा सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी 2,000 रुपये, पुन्हा सापडलात तर 4,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी. दोन्ही मिळून होतो तो आपण ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतो तो.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे त्यात घासाघीस होत नाही. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी गाडीला वर्षाला 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये आणि 1500 सीसीच्या वर 7,897 रुपये. नव्या गाडीला हा भाग एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो: अनुक्रमे 6,521, 10,640 आणि 24,596 रुपये. यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. इलेक्ट्रिक गाडीला सीसी नसते, तिथे किलोवॅट बघतात. 65 किलोवॅटच्या वर वर्षाला 6,712 रुपये.

यात एक गंमत आहे. दर सीसीवर आहे, ताकदीवर नाही. 998 सीसीचं टर्बो इंजिन असलेली छोटी गाडी शंभर-सव्वाशे बीएचपी काढते, पण थर्ड पार्टीच्या हिशेबात ती साध्या अल्टोच्या रांगेत बसते. थारचंही बघा. 1497 सीसीचं डिझेल घेतलं तर तीन वर्षांचे 10,640, आणि 2184 सीसीचं घेतलं तर 24,596. जीएसटी सोडून जवळजवळ 14 हजारांचा फरक. कोणतं इंजिन घ्यायचं हे ठरायचं असेल तर हा आकडा शोरूमच्या कोटेशनमध्ये शोधा.

ओन डॅमेजचा दर मात्र कंपनीगणिक वेगळा असतो. तो गाडीच्या आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीवर, तसंच गाडीचं वय, इंजिन आणि पासिंग कुठलं आहे यावर ठरतो. मुंबई, पुण्यासह देशातली आठ मोठी शहरं ‘ए’ झोनमध्ये येतात आणि बाकी सगळा मुलूख ‘बी’ झोनमध्ये. ‘बी’चा दर थोडा कमी असतो. त्यामुळे हौसेने एमएच 12 पासिंग करून आणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, कर्ज असलं तरीही. दोन-तीन कंपन्यांचे दर काढा, पण एकाच आयडीव्हीवर काढा. आयडीव्ही पाडून हप्ता स्वस्त दाखवायची युक्ती जुनी आहे. गाडी चोरीला गेली की तेवढीच कमी रक्कम हातात पडते.

‘तीन वर्षांचा विमा आहे’ हा गैरसमज

ही चूक गावोगाव दिसते. नव्या गाडीला तीन वर्षांचा मिळतो तो फक्त थर्ड पार्टी. ओन डॅमेज साधारणपणे एकाच वर्षाचा असतो. कागदावर दोन्ही तारखा असतात, पण मालकाच्या डोक्यात ‘तीन वर्षं बघायचं नाही’ एवढंच राहतं. चौदाव्या महिन्यात गाडी पुलाच्या कठड्याला ठोकली की कळतं, आपल्या गाडीच्या दुरुस्तीला एक रुपयाही मिळणार नाही. पोलीस अडवतात तेव्हाही हे लक्षात येत नाही, कारण थर्ड पार्टी चालू असल्याने चलन होत नाही. आजच कागद काढा आणि ओन डॅमेजची शेवटची तारीख बघा.

गाडी कुणाच्या नावावर घ्यायची?

खरा विचार इथे करायचा आहे. आपल्याकडे गाडी बहुतेक वेळा वडिलांच्या नावावर असते, कधी आईच्या. कारण कर्ज त्यांच्या नावावर मिळतं. शिवाय वडिलांची जुनी गाडी असेल तर त्यांचा नो क्लेम बोनस नव्या गाडीला लावता येतो. क्लेम न घेता एक वर्ष गेलं तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50 टक्के अशी ही सूट असते. ती फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळते आणि ती माणसाची असते, गाडीची नाही. बाप हयात असताना त्यांचा बोनस पोराच्या नावावरच्या गाडीला लागत नाही. समजा, ओन डॅमेजचा हप्ता 30 हजार आहे आणि वडिलांचा बोनस 50 टक्के. म्हणजे वडिलांच्या नावावर घेतल्याने 15 हजार वाचले.

आता दुसरी बाजू. पॉलिसीत ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ नावाचं 15 लाखांचं कव्हर असतं. गाडी चालवताना मालकाचा मृत्यू झाला तर घरच्यांना 15 लाख मिळतात. पण हे कव्हर मालकालाच आहे. ज्याचं नाव आरसीवर आणि पॉलिसीवर आहे आणि ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे, त्यालाच. गाडी बापाची आणि चालवताना गेला पोरगा, तर ते 15 लाख मिळत नाहीत. आईच्या नावावर गाडी आहे आणि तिच्याकडे लायसन्सच नाही, तर त्या घरात हे कव्हर कुणालाच नाही.

मग थर्ड पार्टीतून मिळेल का? पोराची स्वतःचीच चूक असेल तर नाही. भरधाव गाडी स्वतःच उलटवली, दुसरं वाहन नाही, तर तो ‘थर्ड पार्टी’ होत नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकातल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, स्वतःच्या बेदरकार चालवण्याने मृत्यू झालेल्याच्या वारसांना भरपाई नाकारणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. गाडी रोज चालवणारा पोरगाच असेल, तो कमावता असेल आणि बँक तयार असेल, तर गाडी त्याच्या नावावर घ्यावी आणि बोनसचा मोह सोडावा. ते जमत नसेल तर दोन-तीन गोष्टी करता येतात. पॉलिसीत पोराचं नाव घालून वैयक्तिक अपघात कव्हर जोडून मिळतं, मात्र त्याची रक्कम छोटी असते. त्यामुळे पोराच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घेणं जास्त बरं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तर वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांची आहे, 18 ते 70 वयातल्या कुणालाही बँक खात्यातून घेता येते. शेतकरी कुटुंब असेल तर राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यात खातेदार आणि घरातली आणखी एक व्यक्ती, वय 10 ते 75, अपघाती मृत्यूला 2 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, आणि तो लवकर करायचा असतो. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, म्हणून भावकीतल्या एखाद्याने लक्ष घालावं.

लायसन्स नाही तर सातबाऱ्यापर्यंत येतं

मोटारसायकलचं लायसन्स चारचाकीला चालत नाही. ऐकायला साधं वाटतं, पण ‘लायसन्स आहे की’ असं म्हणणाऱ्या अनेकांकडे दुचाकीचंच असतं. कार्डावर हलक्या मोटार वाहनाची नोंद आहे का ते बघा.

लर्निंग लायसन्सवर विमा चालतो, पण अटीसह. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा, तोही गाडी थांबवू शकेल अशा जागी. शिवाय पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ अक्षर हवं. मागच्या सीटवर झोपलेला मामा यात धरत नाहीत.

अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या हातात गाडी दिली तर कलम 199 अ लागतं. पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. 19 मे 2024 ला पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा 17 वर्षांचा मुलगा गाडी चालवत असल्याचा आरोप झाला आणि हे कलम सगळ्या महाराष्ट्राला कळलं. ती गाडी तर पक्क्या नोंदणीविनाच रस्त्यावर होती. गावात याची चर्चा ‘पैसेवाल्यांची पोरं’ म्हणून होते. पण शेताच्या रस्त्यावर दहावीच्या पोराला स्कॉर्पिओ शिकवणाऱ्यालाही कायदा तोच आहे.

आता विम्याचं. विनालायसन्स चालकाने कुणाला उडवलं तर विमा कंपनी हात वर करते का? बऱ्याचदा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, मृताच्या घरच्यांना आधी पैसे द्या आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालापासून ही वाट पक्की झाली. मालकाने लायसन्स बघून, खात्री करून गाडी दिली होती की जाणूनबुजून दिली, यावर बरंच अवलंबून असतं. आणि वसुली कशी? कलम 174 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना दाखला जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई वीस, तीस, पन्नास लाखांपर्यंत जाऊ शकते. गाडी दहा-पंधरा लाखांची असते, पण शेवटी पणाला जमीन लागते.

दारू पिऊन चालवली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम गेलाच म्हणून समजा.

टायर, रील, भाडं आणि पुराचं पाणी

नवीन थार आली की महिन्याभरात रुंद टायर, उंची वाढवणारं किट, मोठा सायलेन्सर आणि पुढे लोखंडी बंपर. इंजिनाची ताकद वाढवायला कॉम्प्युटर लावून सेटिंग बदलून देणारेही आता जिल्ह्याच्या गावी बसलेत. नोंदणीवेळी होती त्यापेक्षा गाडी बदलायची तर कायद्याने आरटीओची परवानगी लागते. परवानगीविना बदल केला तर प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो. कळवला नाही आणि अपघाताचा संबंध त्या बदलाशी लागला, तर सर्व्हेअरच्या रिपोर्टात ते येतंच. महागडी म्युझिक सिस्टीम किंवा लाइट बसवले असतील तर त्यांची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवून थोडा जादा हप्ता भरा, नाहीतर त्यांचे पैसे मिळत नाहीत.

शर्यत लावणं, वेगाची चाचणी करणं हे पॉलिसीत सरळ वगळलेलं असतं. रीलसाठी मित्राच्या गाडीशी लावलेली पैजही त्यातच येते, आणि पुरावा तुम्हीच इन्स्टाग्रामला टाकलेला असतो.

पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला, नाहीतर देवदर्शनाला भाड्याने दिली तर तोही अटींचा भंग. ‘डिझेल आणि वर हजार रुपये’ हेसुद्धा भाडंच.

पावसाळ्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं. उंच गाडी आहे, चार चाकांना ताकद आहे, म्हणून ओढ्याच्या पाण्यात घालायची सवय पोरांना लागते. इंजिनात पाणी शिरलं आणि तरी सेल्फ मारत राहिलं की इंजिन आतून वाकतं, तुटतं. दुरुस्ती काही लाखांत जाते. साध्या फुल इन्शुरन्समध्ये हे नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं जोड कव्हर लागतं. नदीकाठच्या गावांत राहणाऱ्याने ते घ्यावंच. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सुरू करू नका, ओढून बाहेर काढा.

दुसरं उपयोगी जोड कव्हर म्हणजे झिरो डेप. ते नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मीच किंमत मिळते. हल्लीच्या गाड्यांचं पुढचं-मागचं तोंड प्लास्टिकचंच असतं आणि नवखा चालक आधी तेच घासतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं झिरो डेप फायद्याचं. शिवाय 1500 सीसीवरच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले 2,000 रुपये आपल्याला भरावे लागतात, त्याखाली 1,000. छोट्या ओरखड्यासाठी क्लेम टाकून बोनस घालवण्यात अर्थ नसतो.

काही कंपन्या आता जेवढे किलोमीटर तेवढा हप्ता, किंवा चालवण्याच्या पद्धतीवर हप्ता अशीही सोय देतात. गाडी कमी फिरत असेल तर विचारून बघा.

पुण्या-मुंबईची सेकंड हँड गाडी

दहा वर्षं जुनी मोठी गाडी नव्या छोट्या गाडीच्या पैशात मिळते, म्हणून पोरांचा ओढा तिकडे असतो. इथे आरसी आणि विमा दोन्ही आपल्या नावावर होणं महत्त्वाचं. विक्रीनंतर थर्ड पार्टी नव्या मालकाकडे आपोआप जातो असं कायदा मानतो, पण ओन डॅमेज जात नाही. 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करून तो बदलून घ्यायचा असतो. ‘आरसी नंतर बघू’ म्हणून वर्षभर जुन्या मालकाच्या नावावर गाडी फिरवली आणि ठोकली, तर क्लेम अडकतो. जुन्या मालकाचा बोनसही तुम्हाला मिळत नाही. तो कागदावर तसाच ठेवून हप्ता कमी भरला असेल तर क्लेमच्या वेळी तेच अंगावर येतं. विकणाऱ्यांनीही जपावं. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो आणि भरपाईची नोटीस त्याच्या दारात येते.

जुन्या गाडीला अनेकजण फक्त थर्ड पार्टी काढतात. तेव्हा गाडीत बसलेल्या मित्रांचा विचार करा. फुल इन्शुरन्समध्ये खासगी गाडीत फुकट बसलेल्यांनाही भरपाईचं संरक्षण असतं. नुसत्या थर्ड पार्टीत ते सहसा नसतं. पाच पोरं गाडीत, गाडी विहिरीच्या कठड्यावर आदळली, तर त्या पोरांच्या घरच्यांचा दावा थेट गाडीमालकावर येतो. ज्या गाडीत मित्रमंडळी रोज भरलेली असतात, तिला नुसता थर्ड पार्टी काढणं आम्हाला तरी पटत नाही.

मालक वारला तर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर चालते. तेवढ्यात वारसाच्या नावावर करून घ्यावी.

अपघात झालाच तर

जखमींना आधी दवाखान्यात न्या. गाडी हलवण्याआधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, समोरच्या गाडीचा नंबरही. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर त्याच दिवशी कळवा. माणूस जखमी झाला किंवा दगावला असेल, किंवा गाडी चोरीला गेली असेल, तर पोलिसांत नोंद हवीच. सर्व्हेअर येण्याआधी गाडी खोलू नका. आणि चालक बदलून सांगू नका. पोराऐवजी लायसन्सवाल्या काकांचं नाव लिहून देण्याचा सल्ला देणारे गावात पुष्कळ भेटतील. पण मोबाईल लोकेशन, टोलनाक्याचा कॅमेरा, दवाखान्याची नोंद यातून ते उघडं पडतं. मग क्लेम तर जातोच, वर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

अपघातग्रस्त किंवा त्याच्या वारसांना मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. 1 एप्रिल 2022 पासून ही मुदत लागू आहे. जिल्हा न्यायालयात हे काम चालतं.

कंपनीने क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, आणि कंपनीच्या उत्तरानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात लोकपालाची कार्यालयं आहेत. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाची वाट वेगळी खुली आहे.

पॉलिसी खरी आहे का याची शंका असेल, विशेषतः ओळखीच्या एजंटाने खूप स्वस्तात काढून दिली असेल, तर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. विमा कंपनीचं नाव आणि मुदत तिथे दिसते. नाही दिसली तर पॉलिसी नंबर घेऊन थेट कंपनीला फोन लावा, एजंटाला नको.